तपासनीस कुठे पडले

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, लिफ्ट तपासतात आणि स्वतः जिन्यानं जातात. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर आहे. इमारतीला धडधाकट लिफ्ट आहे आणि लिफ्टच्या आत काचेमागे जे प्रमाणपत्र लावलंय त्याच्यावर सही भाऊजींचीच आहे. तरी हा माणूस भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत धरून, प्रत्येक मजल्यावर दम खात जिना चढतो. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "लिफ्ट उत्तम आहे रे. पण मला तिच्या आतलं सगळं माहीत आहे ना."

असा माणूस दर रविवारी टेकडीवरच्या झाडीत सायकल चालवतो, हे सांगितलं तर ऐकणारा आधी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे बघतो. पण ते खरं आहे, आणि त्याला जबाबदार मी आहे. डॉक्टरांनी रक्तदाब बघून भाऊजींना रोज चालायला सांगितलं होतं. भाऊजी आठवडाभर चाललेही, पण वाटेत दिसेल त्या इमारतीत शिरून तिथल्या लिफ्टचं दार नीट लागतंय का ते बघायला लागले. व्यायाम राहिला बाजूला, पहारेकऱ्यांशी हुज्जत वाढली. शेवटी ताई माझ्या औषधाच्या दुकानात आली आणि काउंटरवर हात आपटून म्हणाली, "यांना तुझ्याबरोबर टेकडीवर ने. तिथं निदान लिफ्ट नाही."

आमची टेकडी शहराच्या मधोमध आहे. खाली हिरवळ, बाकं, झोपाळे आणि जोरजोरात हात हलवत चालणारी मंडळी. वर मात्र दाट झाडी आहे आणि त्या झाडीतून मातीच्या अरुंद वाटा खाली उतरतात. मुळं, दगड, अचानक येणारी वळणं आणि मधूनच एक ओढा. जाड टायरच्या सायकली घेऊन आम्ही काही रिकामटेकडे या वाटांवर वर्षानुवर्षं स्वतःची हाडं घासतोय. आमच्यात कोणी कोणाला नावानं ओळखत नाही. दातांचा डॉक्टर तो दातवाला, कोर्टात वकिली करतात त्या वकीलबाई, बेकरीवाला तो पाववाला, आणि मी औषधवाला. नावं असतात ती जागांना.

त्याचं असं आहे, की आमच्याकडे जो ज्या जागी पहिल्यांदा पडतो, ती जागा त्याची. दातवाला एका मुळावरून उडाला आणि त्याचा स्वतःचाच पुढचा दात पडला, ती दातवाल्याची मुळी. वकीलबाईंचं वळण आहे, पाववाल्याची उडी आहे. मी ओढ्यात पडलो म्हणून तो औषधवाल्याचा ओढा, आणि मला त्याचा, का लपवू, बऱ्यापैकी अभिमान आहे. पाववाल्यानं मध्यंतरी दुसरी जागा मिळवायला मुद्दाम सायकल सोडून दिली, तेव्हा वकीलबाईंनी नियम घालून दिले. पडणं खरं हवं, मुद्दाम नको. बघायला दोघं तरी हवेत. जागा टेकडीच्या फाटकाच्या आतली हवी. आणि एका जागेला एकच नाव, नंतर कितीही जण तिथं आपटले तरी.

भाऊजींच्या नावाची जागा नव्हती. आठ वर्षांत हा माणूस एकदाही पडला नाही, कारण पडण्यासारखी जागा आली की ते उतरायचे. गुडघ्यांना पट्टे, कोपरांना पट्टे, डोक्यावर शिरस्त्राण, एवढा सगळा जामानिमा करून ते मुळीपर्यंत यायचे, खाली उतरायचे, आणि म्हाताऱ्या मावशीला रस्ता ओलांडून द्यावा तशी सायकल हाताला धरून पलीकडे न्यायचे. मग तिथंच उभं राहून आम्हाला ओरडून सांगायचे, "डावीकडे घे, डावीकडे!" निघण्याआधी फाटकाशी आमच्या सगळ्यांच्या सायकलींचे ब्रेक दाबून बघायचे, टायर चेपायचे, साखळीला बोट लावून बोटाचा वास घ्यायचे. आम्ही वैतागायचो. दातवाला तर म्हणायचा, की साहेबांची तपासणी होईपर्यंत वर फुलं येऊन गळून जातात.

त्यांच्या या जपण्यामागे ताईही होती. ताई हाडांच्या दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत काम करते. कोमट पाण्याची बादली, ओल्या पट्ट्यांचा तो चुन्यासारखा वास, आणि टेबलावर ओळीनं येणारी मनगटं. टेकडीवर पडलेला माणूस तिला दारातूनच ओळखू येतो. ओढ्यात माझं बोट मोडलं तेव्हा तिनं ते प्लास्टरमध्ये घातलं आणि प्लास्टर वाळेपर्यंत मला बोलून घेतलं. भाऊजींना तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जा खुशाल. पण ज्या दिवशी फाटकाच्या आत पडाल, त्या दिवसापासून सायकल माझ्या ताब्यात." भाऊजींनी कबूल केलं. ताब्यात म्हणजे थेट भंगारात, हे आम्ही सगळ्यांनी मनाशी धरूनच चाललो होतो.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात उद्यान खात्यानं घोळ घातला. झालं असं, की एक नवखा मुलगा वर पडला आणि त्यानं ॲम्ब्युलन्सला फोन केला. कुठं आहात, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, "दातवाल्याच्या मुळीशी." ॲम्ब्युलन्स गावभर दातांचे दवाखाने पालथे घालून आली. मग उद्यान खात्याच्या अधिकारी बाई आम्हाला भेटल्या. बाई कामाच्या होत्या. म्हणाल्या, "तुमची हीच नावं पक्की करू. लाकडी पाट्या लावू, नकाशात घालू. पण एकदा पाट्या लागल्या की नवीन नाव नाही. येत्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी समारंभ. घरच्यांनाही बोलवा."

सगळे खूश झाले. दातवाल्यानं आपल्या पाटीसाठी रंगही सुचवला. भाऊजी मात्र खालच्या एका बाकावर जाऊन बसले आणि हातमोजे काढून मांडीवर नीट जुळवत राहिले. मी जाऊन बसलो.

"काय झालं भाऊजी?"

"काही नाही रे. एवढ्या जागा, आणि त्यात माझी एकही नाही."

"तुम्ही पडला नाहीत, चांगलंच आहे की."

"तेच तर," ते म्हणाले. "माझी सगळी नोकरी अशीच गेली. तू औषध दिलंस की माणूस बरा होतो, येऊन सांगतो. तुझ्या ताईचं प्लास्टर लोक त्यावर सह्या घेऊन मिरवतात. माझं काम बरोबर झालं की काहीच होत नाही. लिफ्ट वर जाते, खाली येते, माणसं उतरून घरी जातात. काही झालं नाही, याची पाटी कधी कोणी लावलीय का? पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन आणि काचेमागचा कागद बदलेल. संपलं."

एरवी मी थट्टेवर नेलं असतं, पण त्या दिवशी वाईट वाटलं, खरंच वाटलं. म्हणून मी नको ते बोलून गेलो. "मग पडा की एकदा."

"मुद्दाम पडणं नियमात बसत नाही," भाऊजी लगेच म्हणाले. म्हणजे विचार आधीच करून झाला होता. "मी मुद्दाम पडणार नाही. मी फक्त पडण्याची शक्यता वाढवणार."

"आणि ताई? सायकल जाईल."

"बघू," ते म्हणाले. भाऊजींच्या तोंडून 'बघू' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ते एरवी 'बघितलं' म्हणतात.

पुढच्या रविवारी ते मोजपट्टी घेऊन आले. जिथं आजवर कोणी पडलं नव्हतं अशी एक उतरंड त्यांनी हेरली, तिथला पाचोळा हातानं चेपून बघितला, आजूबाजूचे टोकदार दगड उचलून बाजूला रचले. मी म्हटलं, "भाऊजी, ही पडायची तयारी आहे की पाहुणे यायचे आहेत?" त्यांनी लक्ष दिलं नाही. मला आणि दातवाल्याला साक्षीला उभं केलं, वर गेले आणि निघाले. अर्ध्यावर आले आणि दोन्ही हातांनी करकचून ब्रेक लावले. सायकल जागच्या जागी थांबली. पाय टेकवून ते आमच्याकडे ओशाळून बघत राहिले. म्हणाले, "हात ऐकत नाहीत."

हातांना नाही जमत म्हणून त्यांनी वेग वाढवायचं ठरवलं. ज्या ज्या जागी आठ वर्षं उतरत आले होते, तिथं आता उतरायचं नाही, बाकी देवाच्या हातात, असा त्यांचा हिशेब. आणि इथंच सगळं बिनसलं. भाऊजी पडेनात. आठ वर्षं प्रत्येक मुळी, प्रत्येक दगड त्यांनी पायी चालत, खाली वाकून पाहिला होता. कोणता दगड हलतो, कोणती माती घसरते, सगळं त्यांच्या अंगात भिनलं होतं. दातवाल्याच्या मुळीवरून ते असे गेले जसा लोण्यातून सुरा. पाववाल्याच्या उडीला घाबरून त्यांनी डोळे मिटले आणि पलीकडे दोन्ही चाकांवर अलगद उतरले. बघणारे टाळ्या वाजवत होते आणि हा गृहस्थ खाली येऊन सायकलच्या दांडीवर डोकं टेकवून बसला.

"साहेब, हे आमच्यापैकी कोणाला जमलं नाही," दातवाला म्हणाला.

"जमलं नाही कसलं," भाऊजी कळवळून म्हणाले. "तुमच्या सगळ्यांच्या पाट्या आहेत."

एकदा ते पडले, नाही असं नाही. वकीलबाईंच्या वळणावर मागचं चाक घसरलं आणि भाऊजी झुडपात गेले. आम्ही धावलो. झुडपातून आधी त्यांचा आनंदी आवाज आला, "दोघांनी बघितलं ना?" बघितलं होतं, पण जागा वकीलबाईंची होती. बाईंनी फार हळहळून निकाल दिला, की या जागेवर आधीचा ताबा आहे. भाऊजींनी कपड्यांवरची पानं एकेक करून काढली आणि ताईला कळू नये म्हणून विजार माझ्या घरी धुवायला टाकली. ती विजार धुताना मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोललो ते इथं लिहिता येत नाही. तसं पाहिलं तर ते फाटकाच्या आत पडले होते आणि ताईला सांगायला हवं होतं. पण भाऊजींचं म्हणणं, की ज्याला नाव नाही ते पडणं धरायचं नाही. वकीलबाईंनीही यावर मान डोलावली, म्हणून मी गप्प बसलो.

समारंभाच्या आदल्या दिवशी त्यांनी नाद सोडला. दुकानात येऊन म्हणाले, "राहू दे. उद्या तुम्हा सगळ्यांच्या पाट्या बघायला येतो." चेहरा असा, की मी त्यांना फुकटात डोकेदुखीची गोळी दिली. त्यांनी पाकिटावरची तारीख तपासून घेतली.

रविवारी मी ताईला घेऊन आधी पोचलो. ताई येणार हे भाऊजींना सांगितलं नव्हतं. तिलाच अचानक वाटलं, की एवढी वर्षं ज्या फाटकाचं नाव ऐकतोय ते एकदा बघू तरी. फाटकापाशी ही गर्दी जमलेली, पाट्या बाकावर ओळीनं मांडलेल्या. तेवढ्यात दातवाला ताईसमोर आला. या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडली, स्वतःचं बंद कधी ठेवायचं ते काही त्याला कळलं नाही. म्हणाला, "वहिनी, तुमचे साहेब काय चालवतात हो! पाववाल्याची उडी डोळे मिटून मारली."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी झाडांकडे बघितलं.

आणि त्याच क्षणी भाऊजी रस्त्यावरून आले. फाटक सरकतं आहे, त्याचा लोखंडी रूळ जमिनीत बसवलाय. नेमके त्या रुळावर भाऊजी थांबले, कारण समोर ताई उभी होती, कमरेवर हात ठेवून. भाऊजींनी ताईकडे बघितलं, ताईनं भाऊजींकडे. ब्रेक लावलेले, सायकल थांबलेली, सगळं जिथल्या तिथं. फक्त पाय टेकायचा राहिला. हा माणूस उभ्या उभ्या, सपाट सिमेंटवर, बालवाडीतली पोरं जिथं उड्या मारत जातात त्या जागी, बाजूला कलला आणि सायकलीसकट आडवा झाला.

कोणी हसलं नाही. म्हणजे पहिल्यांदा नाही.

ताई धावली. गुडघे टेकून तिनं त्यांचं मनगट दोन बोटांत धरलं, दाबलं, भाऊजी विव्हळले. "गेलं," ती म्हणाली. मग मान वर करून आम्हा सगळ्यांकडे बघत, फार शांतपणे तिनं विचारलं, "आत पडलेत की बाहेर?"

आता खरी पंचाईत झाली. पुढचं चाक आत, मागचं बाहेर. आत पडले म्हणावं तर भाऊजींना जागा मिळते आणि सायकल जाते. बाहेर म्हणावं तर सायकल राहते आणि पाटी गेली ती कायमची. वकीलबाई हळूच म्हणाल्या, "ताई, आम्ही बाहेर धरू. सपाट जागेला नाव देण्याचा प्रघात नाही." दातवाला म्हणाला, "छे, आतच!" अधिकारी बाई हातात रंगाचा ब्रश घेऊन उभ्याच होत्या. मी भाऊजींच्या कानाशी वाकलो आणि म्हटलं, "भाऊजी, बाहेर म्हणा. सायकल वाचेल."

"असं म्हणून कसं चालेल?" भाऊजी म्हणाले. "खिशात मोजपट्टी आहे. काढ."

आणि त्यांनी मोजलं. मोडलेला हात ताईच्या हातात, दुसऱ्या हातात पट्टीचं टोक, दुसरं टोक मी धरलेलं. सिमेंटवर त्यांच्या विजारीचा घासल्याचा डाग उमटला होता, रुळापासून त्याचं अंतर घेतलं. कोपर कुठं लागलं, खांदा कुठं, सगळं दोनदा. शेवटी त्यांनी पट्टी मिटवली. घामानं निथळत होते, दुखत असणार.

"कोपर बाहेर आहे," ते म्हणाले. "बाकी मी आत."

"नक्की?" ताईनं विचारलं.

"मी खोटा अहवाल कधी दिला नाही. सायकल तुझी." आणि मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "पाटी लावतील ना पण?"

पाटी लागली. सगळ्या पाट्यांत मोठी, कारण फाटकाच्या कमानीवर छोटी पाटी शोभली नसती. 'तपासनिसाचं फाटक'. टेकडीवर जाणाऱ्या प्रत्येकाला आता तिच्याखालून जावं लागतं, दातवाल्यालासुद्धा, आणि याचा मला आजही फार आनंद होतो. प्लास्टर ताईनंच घातलं. मी खोलीच्या दारात उभा होतो. ती पट्ट्या भिजवत होती, गुंडाळत होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मला झाडायला प्लास्टर वाळेपर्यंतचा वेळ पुरला होता, यांना तिनं एका शब्दानं दुखवलं नाही. ते पाहून मला जास्त भीती वाटली.

दोन दिवसांनी तिनं मला घरी बोलावलं. सायकल दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवली होती. भाऊजी तिच्याकडे न बघता वर्तमानपत्र वाचत होते, एका हातानं. मला वाटलं, भंगारवाल्याकडे न्यायला मला बोलावलंय.

"हिची सीट खाली कर," ताई म्हणाली. "माझे पाय पोचत नाहीत."

भाऊजींचं वर्तमानपत्र खाली आलं. "तू?"

"सायकल माझ्या ताब्यात, असं ठरलं होतं. भंगारात घालीन असं मी कधी म्हटलं?" ताई म्हणाली. "एवढी वर्षं नुसती मोडलेली मनगटं बघतेय. माणसं मोडूनसुद्धा परत तिथंच का जातात, ते बघायचंय मला एकदा."

वकीलबाईंनी तिला दोन-तीन रविवार खालच्या हिरवळीवर शिकवलं. मग एका रविवारी ती वर निघाली. निघण्याआधी भाऊजींनी गळ्यात अडकवलेला हात सांभाळत तिच्या सायकलीचे ब्रेक दाबले, टायर चेपले, साखळीला बोट लावलं, मग पुन्हा ब्रेक दाबले. वकीलबाई आणि ती झाडांत दिसेनाशा झाल्या. मी भाऊजींच्या सोबतीला खाली थांबलो.

पाटीखाली ते उभे राहिले. बस म्हटलं तर बसेनात. "आता मुळीशी आली असेल ना?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळानं, "ओढ्याला पाणी किती आहे रे?" मग, "फोन करू का? नको, एक हात सुटेल तिचा." मी वैतागलो. म्हटलं, "भाऊजी, ताई दर रविवारी गॅलरीत उभी राहून मला हेच विचारायची. आठ वर्षं. तुम्ही मुळीवर, आणि माझ्या खिशात तिचा फोन वाजतोय."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही घरी पोचलात की तिला बोलायचं काही उरायचं नाही."

भाऊजींनी पुन्हा झाडांकडे तोंड केलं आणि नंतर मला एकही प्रश्न विचारला नाही, ते जास्त वाईट होतं.

बऱ्याच वेळानं ती खाली आली. चिखलानं भरलेली, केस विस्कटलेले, तोंड लाल. भाऊजी पुढे झाले.

"पडलीस का?"

"नाही."

"मग वर काय झालं?"

"काही नाही झालं," ताई म्हणाली. "काहीच झालं नाही."

भाऊजींचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसलेही नाहीत, कारण चांगल्या हातानं त्यांनी सायकलची दांडी घट्ट धरली होती. ताई रुळावर थांबली होती आणि हसत त्यांच्याकडेच बघत होती.

"आधी पाय टेक," भाऊजी म्हणाले.